'कल्पक' कोणाला म्हणावे?

सांगलीच्या एका वाचकाने विचारले आहे की, महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी अभिनेत्री हेडी लमार यांच्या शोधावर टिपण लिहिताना त्यांना 'संशोधक' म्हणावे, 'संशोधिका' म्हणावे की 'आविष्कर्ती'. आणि त्या टिपणाला 'सौंदर्य व बुद्धीचा संगम' हे शीर्षक शोभेल का.

शीर्षक आधी निकालात काढतो, कारण हा 'संगम' सत्कारासत्कारांतून ऐकून कान किटले आहेत. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम होतो, तो त्या दोन वेगळ्या वाटांनी येतात म्हणून. बाईचे रूप आणि तिची बुद्धी एरवी एकमेकींपासून दूर वाहतात असे गृहीत धरल्याशिवाय हा शब्द येथे बसतच नाही. देखण्या पुरुष शास्त्रज्ञाच्या सत्कारात असा संगम कोणी घडवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

'संशोधिका' हे रूप 'लेखिका', 'गायिका' यांच्याच चालीचे आणि शुद्ध आहे. 'त्या संशोधक होत्या' हेही तितकेच शुद्ध आहे. 'आविष्कार' हिंदीत यंत्राचा असतो, मराठीत मुख्यतः कलेचा, त्यामुळे 'आविष्कर्ती' वाचून त्यांच्या अभिनयाविषयीच चर्चा चालली आहे असे वाटेल.

मला विचाराल तर नेमका शब्द 'कल्पक' हा आहे. आज आपण तो पुरुषाच्या यंत्राला लावतो आणि बाईच्या रुखवताला. परंतु अमरकोशात 'कल्पना सज्जना समे' असे म्हटले आहे, ते हत्तीच्या संदर्भात: स्वारीसाठी हत्ती सजवून सिद्ध करणे म्हणजे कल्पना! गणपती संस्थानाचा हत्ती झूल पांघरून निघालेला ज्या सांगलीकरांनी पाहिला आहे, त्यांनी या शब्दाचा जुना अर्थ डोळ्यांनी पाहिला आहे. संस्कृत कोशांत 'कल्पक' याचा एक अर्थ न्हावी आणि 'कल्पनी' म्हणजे कात्री असाही मिळतो. मूळ धातू कॢप्. धातुपाठात त्याचा अर्थ 'सामर्थ्य' असा दिला आहे, आणि त्याच्या वापरात जुळणे, योग्य ठरणे, सिद्ध करणे या छटा येतात. माझा तर्क असा की, सजावटीची छटा कधी लोपलीच नाही. ती रांगोळी-रुखवताच्या वाट्याला गेली आणि बुद्धीची छटा पुरुषांनी ठेवून घेतली. आमच्या परिचयाचे एक व्युत्पत्तिप्रेमी म्हणतात की हा अर्थ हत्तीबरोबरच संपला आणि रुखवताची 'कल्पकता' अलीकडची आहे. कोश मिटून ठेवून केलेले विधान म्हणून त्याचा आदर करावा, एवढेच म्हणतो.

लमार यांनी केले ते या धातूला साजेसेच होते. शत्रूने रेडिओ संदेशात अडथळा आणून टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जहाजावर सोडायचे अस्त्र, भरकटवू नये, यासाठी संदेश पाठवणारे आणि घेणारे यंत्र एकाच वेळी, एकाच क्रमाने वारंवारता (फ्रिक्वेन्सी) बदलत राहावे, अशी युक्ती त्यांनी आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी काढली. हा क्रम ठरवणार होता आपोआप वाजणाऱ्या पियानोत असतो तसा छिद्रांचा कागदी पट्टा, आणि वारंवारताही पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८, योजल्या होत्या. वाद्यातली वस्तू शस्त्रात नेमकी बसवणे याला 'कल्पना' म्हणायचे नाही तर कशाला? ११ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पेटंट मिळाले, पण अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धात ही योजना वापरली नाही. लमार यांच्या रूपाचा उपयोग मात्र युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी झाला. पेटंटावर 'लमार' हे पडद्यावरचे नाव नसून 'हेडी किस्लर मार्की' असे आहे, हे टिपणात जरूर यावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला तो २०१४ साली, मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

'वायफायची जननी' असे मात्र लिहू नये. वारंवारता बदलत राहण्याचे तत्त्व ब्लूटूथमध्ये आहे हे खरे, परंतु ते लमार यांच्याआधीही काहींना सुचले होते. त्यांचे श्रेय त्या विशिष्ट जुळणीचे आहे, आणि 'कल्पक' या शब्दात ते पुरेपूर मावते.