वेस्टर्न सिनेमात दाखवतात तसा सूडासाठी रानोमाळ पाठलाग खरंच कुणी केला होता का?

केला होता. फक्त त्याचा शेवट सिनेमावाल्यांना पचणारा नाही.

माणसाचं नाव ह्यू ग्लास, धंदा बीव्हर नावाच्या नदीकाठच्या प्राण्याच्या कातड्यांचा. १८२३ साली आजच्या साउथ डकोटात, ग्रँड नदीजवळ, ग्रिझली अस्वलाच्या मादीने त्याला फाडलं. हा काही वाचत नाही असं धरून टोळीचा म्होरक्या अँड्र्यू हेन्रीने दोघांना मागे ठेवलं: मरेपर्यंत थांबा, पुरा आणि या. एक जॉन फिट्झजेराल्ड, दुसरा बहुधा जिम ब्रिजर, अजून विशीही न गाठलेला. दोघांनी ग्लासला जिवंतच टाकलं आणि त्याची बंदूक उचलून चालते झाले. बंदूक न्यावीच लागणार होती म्हणा! मेलेल्याची बंदूक रानात सोडून आलो म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार?

१८२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मासिकात ही हकीकत पहिल्यांदा छापून आली. तीत तो झऱ्याकाठी पडून रानफळांवर दिवस काढतो. पुढे लांडग्यांनी म्हशीचं, म्हणजे बायसनचं, पिल्लू मारलेलं दिसतं. त्यांची भूक जरा भागेपर्यंत हा दबा धरून थांबतो आणि मग त्यांना हुसकावून उरलेल्या मांसावर बसतो. असं करत मिसूरीकाठच्या फोर्ट कायोवापर्यंत ३०० किलोमीटरच्या वर मजल मारली. जरा सावरल्यावर उलट फिरून हेन्रीचं ठाणं गाठलं. तिथे ब्रिजर सापडला. पोरवय बघून त्याला सोडून दिलं.

फिट्झजेराल्ड तोवर सटकला होता. १८२४ मध्ये ग्लास फोर्ट अॅटकिन्सनला पोचला तर हा पठ्ठ्या सैन्यात भरती झालेला! सरकारी शिपायाला मारलं तर फाशीच. तेव्हा ग्लासने आपली बंदूक परत घेतली आणि वाटेला लागला.

सिनेमात मुलाचा खून वगैरे घालतात, कारण बंदुकीसाठी एवढी पायपीट प्रेक्षकाला पटत नाही. मला पटते. त्या मुलखात बंदूक गेली म्हणजे शिकार गेली आणि जीव वाचवायचं साधनही गेलं.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. या सगळ्या काळात ग्लासचाही पाठलाग चालूच होता. अरिकारा या तिथल्या आदिवासी जमातीचं या कातडेवाल्यांशी १८२३ च्या उन्हाळ्यातच युद्ध पेटलं होतं. ग्लास त्यांच्या हातून पुन्हापुन्हा निसटला, १८३३ मध्ये यलोस्टोन नदीवर मात्र त्यांनी त्याला गाठून मारलं. त्यांच्या बाजूने सिनेमा काढला तर पळणारा ग्लासच ठरेल.