साउंड सिस्टिम भाड्याने आणण्याआधी

मागच्या अंकात कॉलेजांतल्या विद्यार्थी मंडळांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची निघाली: इलेक्ट्रॉनिक संगीत. गोव्यात तसं होणारच. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि आमच्या कॉलेजातल्या मुलांचा असा एक क्लब सांभाळते, म्हणून या वेळचं सगळं पान याच पत्रांना दिलं आहे.

प्रश्न: ताई, आम्ही काही मित्रांनी विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा क्लब सुरू केला. पहिल्या बैठकीला खोली भरली होती, आता चौघेपाचच उरलेत. वागातोरच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांसारखा माहोल यावा म्हणून आम्ही रात्री साडेसातला भेटतो. सगळे म्हणतात, एक मोठी पार्टी करा, लोक आपोआप येतील. साउंड सिस्टिमची चौकशीही केली आहे. करू का?
— एम.एस्सी.चा विद्यार्थी, ताळगाव

उत्तर: या वर्षी पार्टी करू नकोस. पार्टीला येणारी मुलं पार्टीलाच येतात. पुढच्या आठवड्यात खोलीत पुन्हा तुम्ही चौघंच असाल, आणि तोवर वर्गणी संपलेली असेल.

आधी वेळ बदल. ताळगावच्या पठारावर शिकणारी कितीतरी मुलं फोंडा, डिचोली, केपे, काणकोणहून रोज ये-जा करतात. साडेसातला बैठक म्हणजे त्यांची बस चुकली. ज्यांच्याकडे दुचाकी आहे आणि जे वसतिगृहात राहतात, तेवढ्यांचाच क्लब तू चालवतो आहेस. दुपारी तास संपल्यावर लगेच भेटा. अंधार आणि रंगीत दिवे नसले तरी हे संगीत ऐकता येतं, उलट जास्त नीट ऐकता येतं.

आता बैठकीत करायचं काय? आमच्याकडे एक साधा नियम आहे. दर आठवड्याला एकाने एक रेकॉर्ड किंवा एक सेट (डीजेने सलग मिसळून वाजवलेली गाणी) आणायचा, तो कुठला, कधीचा, कोणत्या यंत्रांवर केलेला हे थोडक्यात सांगायचं, मग सगळ्यांनी तो शेवटपर्यंत ऐकायचा. मध्येच पुढे ढकलायचा नाही, मोबाइल पिशवीत. नंतर बोलायचं. लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र हे करू नका. त्यातून खालचा बेस निघतच नाही, आणि टेक्नोत तर अर्धं म्हणणं तिथंच असतं. एखाद्या विभागाकडे बऱ्यापैकी मॉनिटर स्पीकर असतात. रीतसर अर्ज केलात तर मिळतील.

सुरुवात घराजवळून करा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला हणजूणच्या किनाऱ्यावर जे घडलं, त्याला जगभर गोव्याच्याच नावाने, 'गोवा ट्रान्स' म्हणून ओळखतात. आपल्या मुलांना मात्र त्यातलं फारसं ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथले डीजे रेकॉर्डऐवजी कॅसेट आणि पुढे डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) टेपवर वाजवायचे. उन्हात आणि धुळीत विनाइलच्या तबकड्या टिकत नसत, आणि डॅटवरची गाणी एकमेकांकडून चटकन उतरवून घेता येत. पण डॅट यंत्रावर गाण्याची गती हवी तशी कमी-जास्त करता येत नव्हती, त्यामुळे दोन गाण्यांचे ठोके जुळवून मिसळणं कठीण. म्हणून गाण्यांना लांबलचक, ठोक्याविना सुरुवाती आणि शेवट ठेवण्याची रीत पडली. आमच्या उकाड्याने एका संगीतप्रकाराची रचना ठरवली! हे एकदा सांगितलंत की पोरं तेच जुनं गाणं वेगळ्या कानाने ऐकतात. गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन डीजे २०२३ मध्ये वारला. त्याच्या पिढीचे लोक आता कमी होत चालले आहेत. हणजूण, आसगावात त्या काळी जनरेटर पुरवणारे, पार्टीत चटया मांडून चहा विकणाऱ्या बायका अजून भेटतील. त्यांना क्लबात बोलवा, त्यांच्या परवानगीने बोलणं ध्वनिमुद्रित करा. विद्यापीठातल्या क्लबाने हे करायचं नाही तर कुणी?

पुढच्या आठवड्यांत भारताकडे या. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर (विजेवर स्वर निर्माण करणारं यंत्र) आला होता आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथला स्टुडिओ उभा केला होता. मुंबईतल्या चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने १९८२ मध्ये रोलँडच्या टीबी-३०३ (बेस) आणि टीआर-८०८ (ड्रम) या यंत्रांवर राग वाजवून एक रेकॉर्ड केली. तेव्हा तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगातले लोक चकित झाले, कारण शिकागोत त्याच ३०३चा किरकिरता आवाज गाजू लागला तो तिच्यानंतर काही वर्षांनी. मग डेट्रॉइटचा टेक्नो, शिकागोचं हाउस, ड्युसेलडॉर्फचं क्राफ्टवेर्क. क्रम असा ठेवला तर "हे सगळं परदेशातलं" ही तक्रार आपोआप गळून पडते.

तरी नुसतं ऐकून क्लब टिकत नाही, मुलांच्या हातांना काम लागतं. मिक्सिंग शिकायला मिक्स्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, रचना करायला एलएमएमएस, ध्वनिमुद्रणाची काटछाट करायला ऑडॅसिटी. मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे भाग तारांनी जोडून बनवायचा) समजून घ्यायचा असेल तर व्हीसीव्ही रॅक. एक साधा कंट्रोलर (संगणकाला जोडून गाणी मिसळायचा कळांचा पट्टा) सगळ्यांच्या वर्गणीतून घ्या आणि तो क्लबाच्या नावावर ठेवा, कुणा एकाच्या घरी नव्हे.

आमच्याकडे यातून जे निघालं ते सांगण्याचा मोह आवरत नाही. चतुर्थीत एका मुलाने गावातली घुमट आरती मोबाइलवर टिपून आणली आणि ती मिनिटाला एकशेचाळीस ठोक्यांच्या (बीपीएम) चौकटीत बसवायला गेला. बसेना. आरती जशी रंगते तशी लय चढत जाते, संगणकाची रेघ मात्र सरळ. पहिल्यांदा त्याने घुमटाचे ठोके एकेक करून तोडले आणि सरळ रेघेवर मांडले. ऐकायला अगदी निर्जीव. मग दुसऱ्या मुलीने उलटं केलं: वादकाची लय तशीच ठेवली, तिच्यानुसार प्रकल्पाचा टेम्पो ठिकठिकाणी बदलत नेला आणि किक ड्रमला घुमटामागे चालायला लावलं. त्या दुपारी खोलीत बसलेल्यांपैकी कुणीही उठलं नाही. शिवाय त्यातून भौतिकशास्त्र निघालं ते वेगळंच. घुमटाच्या एका तोंडाला चामडं असतं, दुसरं तोंड उघडं. वादक डाव्या हाताने ते झाकतो-उघडतो तसा खर्ज बदलतो. मडक्यातल्या हवेचा अनुनाद हाताने बदलायचा आणि सिंथेसायझरवर फिल्टरची कळ फिरवायची, यांत कानाला जाणवणारं फार जवळचं नातं आहे. २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. तुमच्या क्लबात तो वाजला पाहिजे.

आणि सायट्रान्सवाले (गोवा ट्रान्सचाच पुढचा प्रकार ऐकणारे) टेक्नोवाल्यांशी भांडतील, दोघंही मिळून मोठ्या महोत्सवांतलं ईडीएम ऐकणाऱ्यांना हसतील. हसू देऊ नकोस. पहिल्या वर्षाची मुलं त्याच दारातून आत येतात. ज्याला हसलात तो परत येत नाही.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी कॉलेजच्या अशाच क्लबाच्या समितीत आहे. या संगीताबरोबर ड्रग्जच्या बातम्या येतात. तिला मनाई केली तर ती लपवून जाईल, नाही केली तर मला झोप येत नाही. काय करू?
— एक आई, डिचोली

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे. बातम्या खऱ्या असतात आणि त्या मुलांच्या जिवावर बेतलेल्या असतात. तेव्हा "तसं काही नसतं हो" असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण कॉलेजातला क्लब आणि किनाऱ्यावरची रात्रभराची पार्टी या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि चांगला क्लब मुलांना पहिल्या जागेत रमवतो. मनाई करण्याआधी एकदा तिच्याबरोबर बैठकीला जा. पालक आलेले आवडत नसतील अशी बैठक मला तरी संशयास्पद वाटेल.

तिला काही गोष्टी थेट विचारा. क्लबाची जबाबदारी कुठल्या शिक्षकाकडे आहे? बाहेर कार्यक्रमाला गेले तर परत कसे येतात, एकटीला कुणी सोडून येत नाही ना? गोव्यात दारूसाठी वयाची अट एकवीस आहे, म्हणजे पदवीची जवळजवळ सगळी मुलं त्याखालची. क्लबाच्या कार्यक्रमात दारू नाही, हे लेखी आहे का? अमली पदार्थांबाबत १९८५चा कायदा कडक आहे, जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. दुसऱ्याची पिशवी "जरा धर" म्हणून हातात घ्यायची नाही, हे तिला स्पष्ट सांगा. आणि याहून महत्त्वाचं एक सांगा: कुणाची तब्येत बिघडली तर घाबरून पळायचं नाही, लगेच १०८ला फोन करायचा, आणि घरी फोन केला तर आधी ओरडा मिळणार नाही. हा शब्द तुम्ही दिलात तर तो पाळावा लागेल, पाळालच.

आणखी एका धोक्याबद्दल आईबाप कधीच विचारत नाहीत, तो म्हणजे कान. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पाऊण तास नव्हे, जेमतेम पंधरा मिनिटं. मोठ्या स्पीकरपुढे शंभर सहज होतात. रात्री कानात शिट्टी वाजत राहिली तर ती इजेची खूण आहे, आणि आतल्या कानातल्या रोमपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिच्या वाढदिवसाला संगीतासाठीचे इअरप्लग द्या. आवाज सारखाच कमी करणारे, गाणं न बिघडवणारे मिळतात.

प्रश्न: आमच्या क्लबाला वार्षिक संध्याकाळ करायची आहे, कॉलेजच्या मैदानावर. परवानग्यांचं आणि गाण्यांच्या हक्कांचं जरा सांगाल का?
— क्लबाची सचिव, मडगाव

उत्तर: मैदान सोडा, सभागृह घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो लावता येत नाही. बंद सभागृहाला त्यातून सूट आहे, पण ती आतल्या आत ऐकण्यापुरती. शाळा-कॉलेज, इस्पितळ, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. तुमचं कॉलेज त्यात येतं का, हे आधी बघा. ५० डेसिबल म्हणजे हळू आवाजातलं बोलणं, त्यात मैदानावर डीजे बसत नाही.

संध्याकाळी पाचला सुरू करा, नऊला संपवा. शेजाऱ्यांना त्रास होतो तो मुख्यतः बेसचा. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते, तिला साधी भिंत आणि काचेची खिडकी अडवत नाही. तपासणी करताना एकाने आत वाजवायचं, दुसऱ्याने कुंपणापाशी उभं राहून फोनवर सांगायचं. जवळच्या घरांत आठवडाभर आधी जाऊन या, नाव आणि फोन नंबर देऊन या. नंबर दिलेला असला की पोलिसांआधी तुम्हाला फोन येतो.

गाण्यांच्या हक्कांचंही विचारलं आहेस. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांना सवलत आहे, पण ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असले पाहिजेत. बाहेरच्यांना तिकिटं विकलीत की सवलत संपली, मग परवाने आले. मी तर म्हणेन, निम्मा कार्यक्रम मुलांच्या स्वतःच्या रचनांचा करा. हक्कांचा प्रश्न निम्मा मिटतो, आणि मुलांना पुढच्या वर्षीसाठी काहीतरी करून दाखवायचं निमित्त मिळतं.

प्रश्न: लॅपटॉपवर बटणं दाबण्याला संगीत म्हणायचं? आम्ही आयुष्यभर भजनात पेटी वाजवली.
— एक ज्येष्ठ वाचक, म्हार्दोळ

उत्तर: काका, तुमच्या पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. तिलाही परदेशी, यांत्रिक, मींड न येणारी असं म्हणत. तुमच्यासारख्यांनी ती इतकी वाजवली की आज तिच्यावाचून भजन सुरू होत नाही. एखाद्या दुपारी मुलांना तुमच्याकडे पाठवू का? पेटीचे स्वर टिपून घेतील, काय केलं ते तुम्हाला ऐकवतील, आणि लय सुटली असेल तिथे तुम्ही सांगा.

प्रश्न: मी शेवटच्या वर्षाला आहे. मी गेल्यावर आमचा क्लब बंद पडेल अशी भीती वाटते.
— फोंडा

उत्तर: तर आत्ताच, परीक्षेआधी, दुसऱ्या वर्षाच्या मुलीला किंवा मुलाला सचिव कर आणि तू साधी सदस्य होऊन बस. नव्या सचिवाने चुकीचं काही केलं तरी मध्ये बोलू नकोस, विचारलं तरच सांग. वहीत यंत्रांची यादी कर: कंट्रोलर, केबल, हेडफोन, कुठलं कधी दुरुस्त केलं, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या कधी बदलल्या. आपल्याकडच्या दमटपणात फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) आणि जॅक लवकर खराब होतात, पुढच्यांना हे माहीत असायला हवं. क्लबाचा ईमेल आणि त्याचा पासवर्ड शिक्षकांकडेही दे. आतापर्यंत काय काय ऐकलं त्याची यादीही वहीत लिही, नाहीतर पुढची मुलं पुन्हा त्याच त्या रेकॉर्डपासून सुरुवात करतील. कपाटाची दुसरी चावी करून घ्यायची राहिली असेल तर ती या आठवड्यातच करून घे.