धुऱ्यावरून ओळखू येईल असं

प्रिय बाळा,

आभासी जगात (व्हीआरमध्ये) वापरायच्या इमोजींचे तू पाठवलेले नमुने काल रात्री डोळ्यांवर हेडसेट लावून पाहिले. रंग छान जमलेत. पण तो हसरा पिवळा चेहरा डोक्यावर फुग्यासारखा तरंगतो आणि बाजूने पाहिला की पापडासारखा पातळ दिसतो. तो अजून मोबाइलमधलाच आहे. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी जपानी मोबाइलसाठी १७६ इमोजी केले, तेव्हा एका चिन्हाला त्यांच्याकडे जेमतेम १२ बाय १२ ठिपके होते. तुझ्याकडे अख्खा माणूस आहे. त्याची मान, दोन्ही हात, तो समोरच्यापासून किती अंतरावर उभा आहे, सगळं. बहुतेक हेडसेटना डोळे-भुवया वाचता येत नाहीत, म्हणून सुरुवात मानेपासून कर.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा राहून बघ. चार बांध्यांपलीकडचा, म्हणजे चार भातखाचरांपलीकडचा माणूस दुपट्टा हलवतो. तोंड दिसत नाही, तरी जेवायला बोलावतोय की बैल सुटला म्हणून, हे खांद्यावरून कळतं. दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडशाकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली गावोगावची नाटकं सुरू झाली की एकदा मुद्दाम सर्वांत मागे बस. तिथवर रडणं कसं पोचतं, ते वहीत काढून ठेव.

आता तुझा नमस्कार. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं-इमोजींच्या जागतिक यादीत, त्याचं नाव नुसतं 'जोडलेले हात' आहे. कुणी त्यातून आभार मानतो, कुणी माफी मागतो. आपल्याकडे मात्र बरोबरीच्याला घातलेला रामराम आणि गुरुजींना केलेला नमस्कार यांत मानेच्या झुकण्याचाच फरक असतो, आणि मान किती झुकली हे हेडसेटला नीट कळतं. ते वापर बाप्पा! अडचण हातांची आहे. एक हात दुसऱ्याआड गेला की कॅमेरे गोंधळतात, बोटं थरथरतात, कधी हातच गायब होतो. म्हणून तळवे चार बोटांच्या अंतरावर आले की नमस्कार झाला असं धरून घे, पुढचं जुळणं ॲनिमेशनवर सोड. पण मान सरळ आणि हात पोटाशी असतील तर काहीच उमटू देऊ नकोस. माणूस नुसते हात चोळत असेल.

बाकीचे अकरा नमुने सध्या बाजूला ठेव. पोळ्याला हेडसेट घेऊन येतोय. तुझ्या आजीला लावायला देऊ, आधी काही शिकवायचं नाही. तोवर हा एकच नमस्कार तयार कर.

तुझा काका