व्हेप किती टिकतं? बॅटरी, कॉइल आणि आपली खारी हवा

मस्कतहून आलेला भाऊ तुमच्याकडे चार्जिंगचं पॉड व्हेप, म्हणजे पॉड नावाच्या छोट्या कुपीतल्या द्रवाची वाफ करून ओढायची ई-सिगारेट, ठेवून गेलाय आणि रोज वापरलं तर ते किती टिकेल, असं तुम्ही विचारलंय. मालवणात मी मोबाईल दुरुस्ती करतो, अशी यंत्रं उघडून पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॅटरी लिथियम-आयन, मोबाईलमध्ये असते त्याच जातीची. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज एकदा चार्जिंग धरलं तर वर्ष-दीड वर्ष. कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, मात्र एक-दोन आठवड्यांतच जाते. तारेला लागून कापूस असतो, तो द्रव शोषतो आणि तार तापली की त्याची वाफ होते. गोड फ्लेवरमधला गोडवा तारेवर करपून काळा थर धरतो. करपट चव आली की पुढे ओढूच नका. कापूस कोरडा पडून तापला तर फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्यं वाढतात. डिस्पोजेबलचा, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या व्हेपचा, हिशेब तर द्रव संपला की संपला.

हे आकडे कोरड्या हवेतले. आपल्याकडे मीठ आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. चार्जिंगच्या खाचेत बसलेला खारा थर असा ओला राहतो, त्यातून वीज झिरपते आणि पिना हिरवट पडून खाल्ल्या जातात. म्हणजे बॅटरी धड असतानाच यंत्र चार्ज व्हायचं थांबतं. बोटीवर किंवा वाळूत नेलं तर आणखी लवकर. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही, पाणी सुकलं तरी मीठ आतच राहतं.

पण माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळीच आहे. दर पंधरवड्याला लागणारी कॉइल आणायची कुठून? २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; नुसत्या साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परदेशातून येताना बॅगेत आणणं ही आयातच, हे भावाला आत्ताच सांगा. चोरून मिळतं त्या पॉडमध्ये निकोटिन किती आणि बाकी काय, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. यंत्र वर्षभर चालेल, पण तेवढ्यात सवय पक्की होईल, आणि मला काळजी त्याचीच वाटते. तुम्ही सुरू केलं नसेल तर करू नका. केलं असेल आणि सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

राहिलं ते यंत्र. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका. पातेऱ्याबरोबर, म्हणजे सुक्या पानांबरोबर, पेटवायच्या ढिगात तर अजिबात टाकू नका, लिथियम बॅटरी आगीत फुटते. चार्जिंगच्या खाचेवर आणि उघड्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, ओल्या कचऱ्यापासून वेगळं ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या.