नव्या बाईंसाठी, पहिल्या वर्षापुरतं

नोकरी लागली, अभिनंदन! सुरुवातीला एवढंच सांभाळ, फळ्यावरचं अक्षर काय, सुधारतं.

हात उचलायचा नाही, टोचून बोलायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने दोन्हीला मनाई आहे. मी नवीन असताना धारावीतल्या एका मुलाला रोज उशीर होतो म्हणून वर्गासमोर झापलं. नंतर कळलं, तो सकाळी हंडा घेऊन पाण्याच्या रांगेत उभा असायचा. आधी कारण विचार, तेही बाजूला घेऊन.

खासगी शिकवणी नको, त्याच कायद्याचं कलम 28. पालक गळ घालतीलच.

मुलाने लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं कबूल करू नकोस. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचे मार्क टाकू नकोस.