ऑफिसच्या लेडीज वॉशरूममध्ये पॅडमुळे सारखं तुंबतं. महिलांना शिस्त कशी लावावी, की पॅड जाळायचं मशीन घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात ऑफिस आहे, चाळीस महिला आहेत, संडास दोन, आणि सहा महिन्यांत तीनदा प्लंबर बोलवावा लागला. इथपर्यंत मी शांतपणे वाचलं. 'शिस्त' या शब्दापाशी अडकले.

मशीन घेऊ नका. प्रत्येक संडासाच्या आत, कडी लावल्यावर बसल्या जागी हात पोचेल असा, पायाने उघडणारा झाकणाचा डबा ठेवा. शेजारी खिळ्याला जुन्या पेपरचे तुकडे अडकवा. उत्तर एवढंच. आता शिस्तीचं सांगते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं होते. आधी चेकिंगला, मग टाइम ऑफिसला. खाली माग, वर शिलाई, चेकिंग, पॅकिंगचा हॉल. वर आम्ही साठ बायका. संडास तीन, तेही खाली जिन्यामागं, मागवाल्यांच्या चहाच्या जागेसमोरून जायचं.

२०१६ चा उन्हाळा. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे तळाला गेलेलं, शहरात पाण्याची बोंब, कारखान्यात टँकर. संडासात बादलीभर पाणीसुद्धा मोजून. एप्रिलच्या शेवटी चेंबर तुंबलं. माणूस बोलावला, त्याने सळई घालून आतलं बाहेर काढलं आणि साहेबांच्या सांगण्यावरून ते सगळं भिंतीला लावून ओळीत ठेवलं. मग साहेबांनी काम थांबवून आम्हा साठच्या साठ जणींना खाली बोलावलं. मागवाली पोरं चहाचे ग्लास हातात घेऊन उभीच होती.

"ही कोणाची आहेत? घरी पण असंच करता का?"

एकीनंही मान वर केली नाही. त्यात अठरा वर्षांच्या पोरी होत्या आणि ज्यांची पाळी जाऊन पाच वर्षं झाली अशा बायकाही होत्या. साहेब पुढं म्हणाले, "बायकांनी जरा शिस्त पाळावी." दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, संडासात पॅड टाकणाऱ्यास ५०० रुपये दंड. म्हणजे दोन दिवसांची मजुरी.

नोटिशीनं तुंबणं थांबलं, खोटं कशाला बोलू. पण कसं थांबलं? निम्म्या जणी वापरलेलं पॅड पेपरात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायला लागल्या, जेवणाच्या डब्याशेजारी. बाकीच्यांनी बदलणंच सोडलं. सकाळी आठला लावलेलं पॅड संध्याकाळी घरी जाऊन काढायचं, त्या उन्हात, त्या पत्र्याखाली. चार ते सहा तासांनी बदलायचं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको, नसेल माहीत तर घरात विचारा. मांड्या सोलवटलेल्या पोरी माझ्याकडे टाइम ऑफिसला अर्धी सुट्टी मागायला यायच्या आणि कारण 'पोटात दुखतंय' सांगायच्या. त्या दोन महिन्यांचं हजेरीचं रजिस्टर मीच भरलं. साहेबांनी तेही बघितलं. म्हणाले, लग्नसराई आहे.

साहेबांना मी समजावलं ते त्यांच्याच भाषेत. आमच्याकडे एक्स्पोर्टचा माल जाण्याआधी टॉवेलचा तुकडा पाण्याच्या टबात टाकून तो किती सेकंदांत बुडतो ते घड्याळ लावून बघायचे. ही टेस्ट साहेब स्वतः करायचे, जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, तोंडपाठ. एक दिवस मी मेडिकलमधून नवं पॅड आणलं आणि त्यांच्यादेखत त्याच टबात टाकलं. दहा मिनिटांनी काढलं तर उशी झालेली. आत मिठासारखे बारीक दाणे असतात, सोडियम पॉलिॲक्रिलेटचे. ते पाणी पितात, फुगून जेली होतात आणि परत आकसत नाहीत. खालून प्लास्टिकचं अस्तर. ही वस्तू चार इंची पाइपातून, तेही बादलीभर पाण्यावर, कशी जाईल? साहेब म्हणाले, "मग तेच तर मी म्हणतोय, टाकू नका." मी म्हटलं, मग टाकायचं कुठं ते सांगा. रिजेक्शन स्लिपच्या मागं हिशेब मांडला. साठपैकी पंचेचाळीस जणींना पाळी येते. पाच दिवस, कामाच्या वेळेत दोन पॅड. महिन्याला साडेचारशे, रोजची सतरा-अठरा. एवढी पॅड रोज जाणार कुठं, खिशात?

पर्सोनेलवाल्यांनी विचारलं, डबा द्या असं कायद्यात कुठं लिहिलंय दाखवा. दाखवलं. म्हणजे डबा नाही, पिकदाणी दाखवली. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये संडासाचं कलम १९ आणि लगेच कलम २०, कारखान्यात पुरेशा पिकदाण्या ठेवाव्यात, सोयीच्या जागी ठेवाव्यात. पुरुषांच्या थुंकीसाठी स्वतंत्र कलम होतं हो! शिवाय आमची पॅड ज्या एप्रिलमध्ये भिंतीला लागली, त्याच महिन्याच्या ८ तारखेला केंद्राचे नवे घनकचरा नियम निघाले होते. त्यात सरळ होतं, सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावा आणि गुंडाळायची पिशवी पॅडच्या कंपनीनं द्यावी. आता २०२६ च्या नियमांत तर तो ओल्या-सुक्यापासून वेगळाच द्यायचा आहे. म्हणजे डबा ही मेहेरबानी नाही.

मग डबा आला. एकच. निळा ड्रम, झाकण नाही, आणि ठेवला कुठं, तर बाहेर वॉश बेसिनपाशी, चहाच्या जागेसमोर. महिन्यानं त्यात चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या. साहेब मला हात धरून न्यायचेच बाकी होते. "बघा मॅडम, डबा दिला तरी वापरत नाहीत." माझं आणि त्यांचं खरं भांडण हे. तो ड्रम पाच फूट आत न्या, एवढंच मी आठ महिने सांगत होते. हातात पेपरची पुडी घेऊन दार उघडायचं आणि वीस पुरुषांसमोर ती ड्रमात टाकायची, हे कुठली बाई करेल? तुमची पत्नी करेल?

शेवटी २०१७ मध्ये परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं म्हणून पायाने उघडणारे तीन डबे आत बसले. माझ्यामुळं नाही, ऑडिटमुळं. डबे पहिल्या दिवसापासून भरायला लागले.

आणि पंधरा दिवसांत उतू गेले. इथं माझी चूक. डबा कोण उचलणार हे मी कोणाला विचारलंच नव्हतं, झाडूवाल्या अक्का करतील असं धरून चालले होते. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या, मराठी तेलुगूच्या चालीवर बोलायच्या. म्हणाल्या, "माझं काम झाडू-फरशी. तुमच्या साठ जणींचं मी हातानं उचलू? विचारलं का मला?" मला तेव्हा राग आला होता. एवढं आपण बायकांसाठी भांडलो आणि बाईच अडवतेय, असं वाटलं. घरी गेल्यावर कळलं की भिंतीपुढं मला जसं उभं केलं, तसंच मी अक्कांना न विचारता उभं केलं होतं. मग ठरलं, रबरी हातमोजे, महिन्याला ३०० रुपये वेगळे, आणि पुडी उघडी नसेल तरच उचलणार. ३०० रुपयांसाठी अकाउंटंट दोन दिवस अडून बसले, व्हाउचरवर काय लिहू म्हणून. 'किरकोळ साफसफाई साहित्य' लिहिलं. अजून तसंच जात असेल.

पुडीची पद्धतही आमची आम्हीच बसवली. पेपरात घट्ट गुंडाळायचं, टॉवेलच्या काठाची पट्टी बांधायची आणि वर लाल खडूची फुली. रिजेक्ट मालावर आम्ही तीच फुली मारायचो, त्यामुळं शिकवावं लागलं नाही. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांनी लाल ठिपक्याची हीच रीत चालवलीय, कारण पुडीत काय आहे हे कळलं नाही की उघडून बघायला त्यांचेच हात जातात. घंटागाडीत टाकताना निदान तेवढं करा. पुढं भोगावच्या कचरा डेपोवरही माणसंच आहेत.

मशीनचं राहिलं. २०१८ मध्ये दुसऱ्या ऑडिटसाठी आमच्याकडंही भिंतीवरचं इलेक्ट्रिक मशीन आलं. एका वेळी तीन-चार पॅड, अर्धा तास, लोड आला की लाइट ट्रिप. धुराची नळी खिडकीतून काढलेली, तो धूर वरच्या हॉलमध्ये. उघडलं की अर्धवट जळालेले काळे गोळे, ते खरवडायला परत अक्का. प्लास्टिकचं अस्तर नीट जळायला ८०० अंशांच्या वर उष्णता लागते. त्याखाली डायॉक्सिन, फ्युरानसारखे विषारी वायू निघतात. असल्या छोट्या मशीनला ते जमत नाही. वर्षभरात त्यावर साबण ठेवायला लागले.

तुमच्या चाळीस जणींचा हिशेब रोज बारा-चौदा पुड्यांचा. दोन डबे, रोज संध्याकाळी रिकामे, आठवड्यातून एकदा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवायचे. मधल्या मारुतीच्या बाजारात पायाचे डबे मिळतात, मशीनच्या किमतीत दहा वर्षांचे डबे येतील. आणि कृपा करून तुम्ही स्वतः मीटिंग घेऊन सांगू नका. ऑफिसातल्या एखाद्या जुन्या ताईंना आणि साफसफाईच्या मावशींना, दोघींना एकत्र बसवून ठरवू द्या, मावशींना आधी विचारा.

हां, एक गोष्ट. तुंबतंय ते पॅडमुळंच हे प्लंबरनं दाखवलंय का नुसतं म्हणालाय? पाइपाचा उतार चुकला असेल, किंवा टिश्यू, ओले वाइप्स असतील तर डब्यानं अर्धंच काम होईल. मोठ्या हॉस्पिटलात नीट चिमणीची भट्टी असते, तिला मी नावं ठेवत नाही. आणि कापड वापरणाऱ्या बाया अजून आहेत, त्यांना डबा नको, आत नळ आणि बादली हवी. हे मी आमच्याकडंही उशिराच ध्यानात घेतलं.

यंदाच्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर साहेब भेटले. रिटायर झालेत. हसून म्हणाले, "काय मॅडम, तुमचा डबा! शिस्त मीच लावली म्हणून थांबलं बघा." मी म्हटलं, मग बाहेरचा ड्रम रिकामा आणि आतले डबे भरलेले, ते कसं? ते म्हणाले, ऑडिट होतं ना. शेजारी वहिनी भेंड-बत्ताशाची पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, कसला डबा हो? साहेब म्हणाले, काही नाही, कारखान्यातलं. मग मीच सांगितलं, भिंतीपासून. वहिनी त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "सगळ्यांसमोर लावून ठेवले होते?"

असो. तुमचे संडास कमोडचे आहेत की भारतीय, ते खाली लिहा. भारतीय असेल तर डबा जमिनीवर ठेवू नका, पाणी उडून पेपर भिजतो; कोपऱ्यात वीतभर उंचीचा कट्टा करून घ्यावा लागेल.