गाळा राहू द्या, आधी हद्द आखा

सात वर्षं सर्व्हिस सेंटरमध्ये एसीचं काम केलंत, आता भांडुपमधून एकट्याने सुरू करायचंय, आणि तुमचा प्रश्न आहे की आधी गाळा घेऊ की जीएसटी नंबर. माझं मत, सध्या दोन्ही नको. मी हेच काम चौदा वर्षं एकटा करतोय, कांजूर ते मुलुंड.

आधी हद्द ठरवा. सुरुवातीला मी कुणालाच नाही म्हणत नसे. एकदा ऐन मे महिन्यात वसईचा कॉल घेतला. दादरला उतरून गाडी बदलायची, एका खांद्यावर एसी धुण्याचा जेट पंप, दुसऱ्यावर हत्यारांची पिशवी. काम पाऊण तासाचं, पण अख्खा दिवस गेला. त्याच दुपारी आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या एसीतून पाणी गळत होतं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याला बोलावलं आणि पुढे ती पूर्ण विंग त्याची झाली. एकट्या माणसाकडे विकायला फक्त दिवसाचे तास असतात, आणि मुंबईत ते प्रवासच खातो. घरापासून दोन्ही बाजूंना दोन स्टेशनं, त्यापलीकडचं काम ओळखीच्या मेकॅनिकला द्या. तोही तुम्हाला देईल.

दुसरी गोष्ट वही. मोबाइलवर ठेवलीत तरी चालेल, पण ठेवा. माझ्या वहीत एका एसीला एक पान असतं: फ्लॅट नंबर, मॉडेल, गॅस आर-३२ की ४१०, आउटडोअर ग्रीलवर आहे की डक्टमध्ये, कॉइल शेवटचं कधी धुतलं, कुठे गंज दिसला. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत कॉइल सडतं, त्यामुळे "मागच्या वर्षी डाव्या कोपऱ्यात हिरवट डाग होता, आज बघतो" असं म्हणता आलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. मात्र सेंटरच्या गिऱ्हाइकांची यादी सोबत आणू नका. ते नंबर तुमचे नाहीत, आणि अशा गोष्टी लपत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तोवर नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधारवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं म्हणाल तर एकट्याला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० धरा. धंद्याचं बँक खातं वेगळं काढा, नाहीतर किराणा आणि कॉपर पाइप एकाच पासबुकात येतात आणि नफा किती झाला ते कधीच कळत नाही.

गाळ्याच्या डिपॉझिटचे पैसे हत्यारांत घाला. गॅस भरण्याआधी पाइपातली हवा आणि ओल खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप चांगला घ्या, नागदेवीच्या हत्यारबाजारात चार दुकानं फिरून. व्हॅक्यूम न करता गॅस भरणारे खूप आहेत, तुम्ही त्यांच्यातले होऊ नका. आणि सेफ्टी बेल्ट घ्याच, हे मी हात जोडून सांगतो. सातव्या मजल्याच्या सज्जावर उतरताना खाली धरायला कंपनी नसते. तुम्ही पडलात तर धंदा त्याच दिवशी बंद. बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो, २ लाखांचं अपघाती संरक्षण आहे. आजच फॉर्म भरा, आणि त्यावर स्वतःचा मोठा अपघात विमाही घ्या.

राजीनाम्याची वेळ नीट साधा. मार्च ते मे हात पुरत नाहीत, जूनमध्ये पाऊस लागला की फोन थंडावतो. जूनमध्ये नोकरी सोडलीत तर पहिले चार महिने घरखर्च जमवलेल्या पैशांतून जाईल आणि घाबरून तुम्ही पडेल भावाने कामं घ्याल. जानेवारीअखेर मोकळे व्हा. फेब्रुवारीत ओळखीच्या वीस घरांचे फिल्टर, कॉइल धुऊन द्या, पूर्ण दर घेऊन. फुकट नको, कारण पहिल्या दिवशी सांगितलेला दर त्या सोसायटीत वर्षानुवर्षं चिकटून राहतो.